सोडा निघतो, क्लोराइड उरते

परभणीहून गंगाखेडकडे निघाले की पोखर्णी फाटा लागतो. गाव नृसिंहाच्या देवळामुळे ओळखले जाते. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकाच्या पाटीवरही देवाचे नाव गावाला जोडलेले आहे. अशा कुठल्याही गावातल्या किराणा दुकानात सोडियमची पाच-सहा संयुगे फळीवर मांडलेली असतात: मिठाच्या पुड्या, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, साबणाच्या वड्या, पांढऱ्या कपड्यांचे डाग काढायची बाटली. सोनाराकडे टाकणखार असतो, औषधाच्या दुकानात सलाइन आणि जलसंजीवनीची पाकिटे. हा सगळा माल येतो कुठून? समुद्र पाहायला परभणीकराला घाट उतरून कोकणात जावे लागते, तरी यातले बहुतेक सोडियम समुद्राच्या पाण्यातूनच आलेले असते.

कारखान्यात सोडियम ‘तयार’ होत नाही, ही गोष्ट शाळेत नीट सांगितली जात नाही. मिठात ते आधीपासून असते, क्लोरिनशी जखडलेले. सोडा करायचा म्हणजे त्याची ही सोयरीक मोडून कार्बोनेटशी किंवा हायड्रॉक्साइडशी नवी जुळवायची. पाठ्यपुस्तके नव्या जोडीचे समीकरण देऊन मोकळी होतात. सोड्याच्या धंद्याचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास मला मात्र दुसऱ्या टोकाकडून वाचावासा वाटतो: मोकळ्या झालेल्या क्लोरिनचे काय केले? पद्धती आल्या आणि गेल्या, त्या बऱ्याच अंशी या प्रश्नापायी.

आधी मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला तीन चतुर्थांशांहून थोडा जास्त भाग साधे मीठ. उरण, पेण, वसई, भाईंदर, भांडुप, वडाळा या पट्ट्यातल्या आगरी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या ते काढले. उधाणाचे पाणी खाजणात कोंडायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचे. आटवण्याचे काम ऊन करते. माणसाचे कसब कुठे थांबायचे ते ओळखण्यात. पाणी दाट होत गेले की आधी चुनखडी तळाला बसते, मग जिप्सम. घनता बॉमे मापकावर २५ अंशांच्या आसपास आली की मीठ धरू लागते. ३० अंशांच्या पुढे जाऊ दिले तर मॅग्नेशियमचे क्षारही उतरतात आणि मीठ कडवट होते, म्हणून ते उरलेले पाणी वेळीच सोडून द्यायचे. पूर्वी पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायचे, ते या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शुद्ध मीठ हवेतली ओल इतक्या सहज ओढत नाही.

मराठवाड्यात हे मीठ लमाणांच्या तांड्यांनी आणले. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढायचा आणि उलट वाटेने धान्य न्यायचे. समुद्र दूर म्हणून देशावर मीठ नव्हतेच असे मात्र नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या पूर्णा खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात (ही तापीला मिळणारी पूर्णा, येलदरी धरणाची पूर्णा वेगळी, ती गोदावरीची). तिथल्या विहिरींचे पाणी इतके खारे की एके काळी ते आटवून मीठ काढत. इंग्रज सरकारला मिठावरचा कर प्यारा, म्हणून ते काम बंद पडले. १९३० मध्ये कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी समुद्रावाचून कायदा मोडला, अकोल्याजवळ दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यावर.

पण देशावरचे सोडियमचे एक मोठे नैसर्गिक कोठार आपल्या शेजारीच आहे. जिंतूरवरून पुढे गेले की परभणीपासून शंभरेक किलोमीटरवर लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे उल्काविवर काळ्या पाषाणात पडले आहे. त्याच्या वयाचे अंदाज ५० हजार वर्षांपासून साडेपाच लाखांच्याही पुढे जातात. शास्त्रज्ञांचा वाद चालू दे. आपल्याला इथे हवे ते त्या तळ्याचे पाणी. त्याचा पीएच साडेनऊ-दहाच्या घरात असतो, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या जवळ जाणारा.

हा सोडा कोणी घातला नाही. बेसाल्टमधले फेल्डस्पार खनिज पावसाच्या पाण्याने झिजते तेव्हा सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात उतरते. असे पाणी झऱ्यांनी, ओहोळांनी विवरात येते आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी नेते, क्षार मागे ठेवते. कॅल्शियमचे कार्बोनेट पाण्यात टिकत नाही, ते चुनखडी होऊन तळाशी बसते. सोडियमचे कार्बोनेट मात्र विरघळलेलेच राहते आणि वर्षागणिक दाट होत जाते. सोबत साधे मीठही साठते. इजिप्तमधल्या वादी नात्रूनच्या तळ्यांतून प्रेतांना लावण्यासाठी जो खार काढत, तो याच जातीचा. केनियातले मगादी सरोवरही याच कुळातले.

उन्हाळ्यात लोणारचे पाणी मागे सरले की काठावर क्षार उघडे पडत आणि ते गोळा करून विकत. खरेदी-विक्रीत त्यांच्या प्रती ठरलेल्या होत्या: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. दल्ला म्हणजे ढेकळासारखे खडे, पापडी म्हणजे पातळ थर, भुसकी म्हणजे भुकटी. निमक दल्ल्यात मिठाचा भाग जास्त. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत या जागेची नोंद करताना काच आणि साबण करायला लागणारे सगळे इथे मिळते, असे लिहून ठेवले. रसायनशास्त्राचे नाव कोणी घेण्याआधी एका दरबारी माणसाने सोड्याची दोन मुख्य गिऱ्हाइके अचूक नोंदवली, याचे मला फार कौतुक वाटते. आजही सोडा अ‍ॅशची मोठी मागणी काच आणि साबण-डिटर्जंट यांचीच आहे.

लोणारचा क्षार आता काढला जात नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारटपणा आवडणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी तळ्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. दल्ल्याचा व्यापार संपला ते एका अर्थी बरेच झाले. तेवढ्याशा तळ्यावर आजच्या एका मध्यम काच कारखान्याची भूकही भागली नसती.

तळे नसलेल्या मुलखात लोक राखेकडे वळत. इथे एक गोम आहे. केळीच्या खुंटाची, आघाड्याची राख पाण्यात कालवून गाळली तर मिळणारा खार मुख्यतः पोटॅशियमचा असतो; सातूचा जवखारही तसाच. सोडियमचा खार हवा तर खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपे जाळावी लागत. सिंध-पंजाबकडून येणारा सज्जीखार असा होता. आयुर्वेदाने सज्जीखार आणि जवखार यांना ‘क्षारद्वय’ म्हणून शेजारी ठेवले, पण दोन वेगळी द्रव्ये मानले. युरोपात हा भेद १७३६ मध्ये दुहामेल द्यू मोन्सोने प्रयोगाने दाखवला. धातूरूपात दोघांना वेगळे काढायला हम्फ्री डेव्हीची १८०७ मधली वीज लागली.

अठराव्या शतकात युरोपातल्या काच आणि कापड धंद्याला राखेचा सोडा पुरेना. फ्रान्सच्या अकादमीने १७७५ मध्ये मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला बक्षीस लावले. निकोला लब्लांने कृती शोधली आणि १७९१ मध्ये पेटंट घेतले. मीठ गंधकाम्लात तापवायचे म्हणजे सोडियम सल्फेट होते. ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचे. निघालेल्या काळ्या राखेवर पाणी ओतले की सोडा त्यात उतरतो. क्रांतीत लब्लांचा कारखाना गेला, बक्षीस मिळालेच नाही, १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. कृती मात्र इंग्लंडमध्ये फोफावली आणि तिथे क्लोरिनचा प्रश्न पहिल्यांदा नाकाला झोंबला. पहिल्याच टप्प्यात मिठातले सगळे क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होऊन धुराड्यातून बाहेर पडे. आसपासची झाडे वाळत, पिके जळत. अखेर १८६३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने अल्कली कायदा करून या वायूपैकी ९५ टक्के पाण्यात शोषून घेणे सक्तीचे केले. मग त्या आम्लापासून क्लोरिन आणि क्लोरिनपासून चुन्याची ब्लीचिंग पावडर निघू लागली. ज्याचा उपद्रव होता तोच माल झाला. दुसऱ्या टप्प्यातल्या कॅल्शियम सल्फाइडच्या सडक्या अंड्यांच्या वासाचे ढीग मात्र कित्येक वर्षे तसेच पडून राहिले.

एर्नेस्ट सॉल्व्हे या बेल्जियन माणसाने १८६१ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत सोड्याच्या जगात आजवर टिकून आहे. तिच्यातली खुबी जवळून पाहण्यासारखी आहे. मिठाच्या दाट पाण्यात अमोनिया मुरवायचा आणि उंच मनोऱ्यातून ते पाणी खाली सोडताना खालून कार्बन डायऑक्साइड फुंकायचा. थंड, खाऱ्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट फारसे विरघळत नाही, त्यामुळे त्याचे पांढरे कण गाळासारखे खाली बसतात. तो गाळ तापवला की सोडा अ‍ॅश. कार्बन डायऑक्साइड चुनखडी भाजून मिळतो. त्याच भट्टीतला कळीचा चुना उरलेल्या पाण्यात घातला की अमोनिया परत मिळतो आणि पुन्हा फिरतो. महागडा अमोनिया जवळजवळ जातच नाही. जाते ते मीठ आणि चुनखडी, दोन्ही स्वस्त.

गंमत म्हणजे खाण्याचा सोडा या कारखान्यात वाटेतच तयार होतो, तरी तो तसा विकता येत नाही, कारण त्याला अमोनियाचा वास असतो. म्हणून तो जाळून सोडा अ‍ॅश करतात, तो पाण्यात विरघळवतात, त्यात पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि स्वच्छ बायकार्बोनेट खाली बसवतात. भज्याच्या पिठात आपण चिमूटभर टाकतो तो सोडा असा एकदा मरून दुसऱ्यांदा जन्मलेला. डाळ शिजेना तेव्हा आया जो सोडा घालतात त्याचेही कारण क्षारातच आहे: बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना चिकटून धरते, सोडा त्याला बाजूला काढतो. ब जीवनसत्त्वाचा त्यात बळी जातो, पण गॅस वाचतो.

आणि क्लोरिन? सॉल्व्हे पद्धतीत ते कॅल्शियम क्लोराइड होऊन पाण्यात उरते. नुसत्या समीकरणाचा हिशेब केला तरी टनभर सोडा अ‍ॅशमागे टनाहून थोडे जास्तच कॅल्शियम क्लोराइड निघते. त्याला एवढे गिऱ्हाईक जगात नाही. म्हणून हे कारखाने समुद्रकाठी किंवा मोठ्या नदीकाठी बसतात. भारतातला बहुतेक सोडा अ‍ॅश सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होतो याची तीन कारणे सांगतात: मीठ जवळ, चुनखडी जवळ आणि सांडपाणी सोडायला समुद्र जवळ. तिसरे कारण हळू आवाजात सांगितले जाते.

या किनाऱ्याशी मराठी माणसाचा संबंध आहे. मिठापूर ज्या ओखामंडळात आहे तो भाग तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या संस्थानात होता. कपिलराम वकील यांनी तिथे आधी मिठाचे काम उभे केले आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्स स्थापन झाली. सॉल्व्हे पद्धत कागदावर सोपी वाटली तरी मनोऱ्यातले तापमान, वेग, गाळ चोंदणे यांचे बारकावे युरोपातल्या कंपन्यांनी मुठीत ठेवले होते, त्यामुळे इथल्या लोकांना ते पडत-धडपडत शिकावे लागले. त्याआधी आपली बहुतेक भिस्त विलायती सोड्यावर. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाने १९०८ मध्ये काच कारखाना काढला, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये. ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच स्वदेशी होती. तिच्यातली वाळू एरवी १७०० अंशांपर्यंत वितळली नसती, ती सोड्याने लवकर वितळवली आणि तो सोडा बोटीने आलेला. स्वदेशीच्या चळवळीने साखर-कापडाचा जेवढा विचार केला तेवढा अल्कलीचा केला नाही, असे माझे मत आहे. अल्कली दिसत नाही, म्हणून असेल.

मिठापुरात पाऊस कमी आणि गोड्या पाण्याची कायम ओढ. बॉयलरसाठी समुद्राचे पाणी वाफ करून शुद्ध करताना मीठ हाती येई. १९८३ मध्ये तेच पिशवीत भरून, आयोडीन घालून बाजारात आले आणि आगरातले खडे मीठ घराघरांतून मागे हटले. २००६ मध्ये बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली. गलगंड कमी करण्यासाठी ते योग्यच होते. किनाऱ्यावरच्या छोट्या आगरांना मात्र त्याचा फटका बसला.

आता सॉल्व्हेला आव्हान आहे ते जमिनीतल्या सोड्याचे. अमेरिकेत वायोमिंगला आणि तुर्कस्तानात ट्रोना नावाचा खनिज सोडा प्रचंड प्रमाणात आहे. तो काढायचा, भाजायचा, गाळायचा. मिठाला हातच लावायचा नसल्याने क्लोराइड उरतच नाही आणि खर्चही कमी. लोणारला निसर्गाने जे थोडक्यात केले तेच तिथे लाखो वर्षे चालू होते.

कॉस्टिक सोडा हे दुसरे घराणे. जुनी रीत सोड्याच्या द्रावणात चुन्याची निवळी घालण्याची: चुनखडी खाली बसते, वर दाहक सोडा राहतो. सुश्रुताच्या क्षारपाकविधीत राखेच्या पाण्यात भाजलेला चुना, शिंपले टाकून मृदू क्षार तीव्र करतात, तो हाच विचार, फक्त तिथला क्षार मुख्यतः पोटॅशियमचा. आज जवळजवळ सगळे कॉस्टिक विजेने होते. मिठाच्या स्वच्छ पाण्यातून वीज सोडली की एका ध्रुवावर क्लोरिन, दुसऱ्यावर हायड्रोजन आणि सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही मिसळू नयेत म्हणून मध्ये काय ठेवायचे यावर शंभर वर्षे गेली. आधी पारा होता. तो सांडपाण्यातून निसटे, म्हणून भारतातून त्याची हकालपट्टी झाली. आता सोडियमला वाट देऊन क्लोराइडला अडवणारे बहुवारिकाचे पडदे आहेत. ते फार नाजूक. पाण्यात कॅल्शियमचा अंश राहिला तर पडद्याची छिद्रे बुजतात, म्हणून आधी सोडा अ‍ॅश आणि कॉस्टिक घालूनच ते पाणी शुद्ध करतात: सोड्याच्या पोटी सोडा. पडद्यातून बाहेर येणारे द्रावण सुमारे ३२ टक्क्यांचे असते. ते आटवून ५० टक्क्यांपर्यंत नेतात किंवा पापुद्रे पाडतात.

इथे क्लोरिन वाया घालवायची सोयच नाही. टनभर कॉस्टिकमागे जवळजवळ ०.९ टन क्लोरिन निघते आणि ते मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येत नाही. कॉस्टिकला मागणी असो वा नसो, क्लोरिन खपले तरच कारखाना चालतो. ते खपते कुठे, याचे उत्तर पोखर्णीच्या शिवारात विहिरीपासून रानापर्यंत पुरलेल्या पाइपात आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरिन असते. थोडे क्लोरिन कॉस्टिकमध्येच परत मुरवून सोडियम हायपोक्लोराइट करतात. पिण्याच्या पाण्यात टाकायचे थेंब आणि फरशीचे ब्लीच तेच. गावच्या टाकीत पडणारी टीसीएल पावडर त्याची चुन्याची बहीण.

बाकीची मंडळी झटपट उरकता येतील. सोडियम सल्फेट बरेचसे रेयॉनच्या कारखान्यातून उपउत्पादन म्हणून येते. सोडियम सिलिकेट म्हणजे वाळू आणि सोडा अ‍ॅश एकत्र वितळवून केलेली पाण्यात विरघळणारी काच. टाकणखार आधी तिबेट-लडाखकडून यायचा, आता तुर्कस्तान आणि कॅलिफोर्नियाच्या खाणींतून. सोडियम धातू हवा तर मीठ वितळवून त्यातून वीज सोडतात. ८०१ अंशांचा वितळबिंदू कॅल्शियम क्लोराइड घालून सहाशेच्या आसपास आणतात. सलाइन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, निर्जंतुक. जलसंजीवनीच्या लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, कारण ग्लुकोजसोबत सोडियम असले की आतडे पाणी ओढून घेते.

या सगळ्या कारखानदारीच्या बाहेर एक सोडा मराठवाड्यात आपोआप तयार होतो आणि तो कोणालाच नको आहे. लोणारला विवरात जे झाले तेच काळ्या रानात कालव्याच्या पाण्याने होते. जायकवाडी आणि पूर्णा प्रकल्पांचे पाणी आले, ऊस-केळी आली, निचरा मात्र तेवढा आला नाही. भारी काळ्या मातीत पाणी अडते, उन्हाने वर चढून उडते, कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांत अडकते आणि सोडियम चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर आणि पीएच साडेआठच्या वर गेला की ‘रान चोपण पडले’ म्हणतात. पावसात पाय रुतून वर निघत नाही, उघडीप मिळाली की भेगाळून कुदळ लागत नाही, पाणी मुरत नाही, पेरलेले उगवत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात, १९७२ मध्ये ते स्थापन झाल्यापासून, या जमिनी अभ्यासाचा विषय राहिल्या आहेत.

उपाय म्हणजे पुन्हा जोडीदार बदलणे, पण उलट दिशेने. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरते. आपल्या रानात चुनखडी भरपूर असते, तिथे गंधकही चालते: जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि आम्ल जमिनीतलेच कॅल्शियम मोकळे करते. धैंचा गाडणे, साखर कारखान्याची मळी टाकणे यांनी मदत होते. पण सुटलेले सोडियम सल्फेट चर काढून रानाबाहेर गेले नाही तर जिप्समचे पैसे पाण्यात जातात. जिप्समची पोती एकराच्या हिशेबाने टाकणारे बरेच आहेत; ती मातीच्या तपासणीवरून ठरवावी लागतात. आणि मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करावी. त्यातली कार्बोनेट-बायकार्बोनेटची बेरीज कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेपेक्षा लिटरमागे २.५ मिलिइक्विव्हॅलंटहून जास्त भरली, तर ते पाणी दर पाळीला रानात नवा सोडा टाकत राहते, मग खाली कितीही जिप्सम ओतलेले असो.